बाजू, बाजू!

माथेरानला मोटारी नाहीत, म्हणजे तिथे रहदारीची भांडणंही नसणार, असा खाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा समज असतो. दस्तुरी नाक्यावर गाडी लावून लाल मातीत पाऊल टाकलं की दहा मिनिटांत तो उतरतो. मागून 'बाजू, बाजू!' अशी आरोळी येते. कुठल्या बाजूला व्हायचं हे ठरेपर्यंत खुरांचा आवाज अंगावर आलेला असतो. मग उडालेल्या धुरळ्यात उभं राहून आपण काहीतरी पुटपुटतो. ते घोड्याला उद्देशून असतं की घोडेवाल्याला, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. पुढे गेलेला घोडेवालाही काहीतरी पुटपुटतच असतो. त्याचं पुटपुटणं मात्र नक्की आपल्यालाच उद्देशून असतं.

दस्तुरीपासून बाजारापर्यंतची ही वाट जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची. पण तिच्यावर कोण नसतं? मुंबई-ठाण्याहून आलेली कुटुंबं, चाकांच्या बॅगा मातीतून ओढणारे नवविवाहित, त्याच बॅगा डोक्यावर चढवून झपाझप पुढे जाणारे हमाल. आजवर हातरिक्षा असायच्या, गेल्या काही वर्षांत आलेल्या ई-रिक्षा असतात, गॅसच्या टाक्या आणि सिमेंटची पोती वाहणारे मालाचे घोडे असतात, आणि पर्यटकांना घेऊन जाणारे सजवलेले घोडे असतात, ज्यांची नावं हटकून हिंदी सिनेमातली. शेजारून मिनी ट्रेनचे रूळ जातात. माहीतगार पायी माणसं मुकाट्याने त्या रुळांवरून चालतात, कारण घोडे तिथे येत नाहीत. रूळ चालण्यासाठी नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही माणसाला रस्त्यापेक्षा रूळ बरे वाटावेत, यावरून रस्त्याची काय तऱ्हा असेल ते ओळखावं.

आणि तरी घोडा हा या वाटेवरचा उपरा नव्हे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये चौक गावाकडून हा डोंगर चढून आला, आणि पुढे इंग्रजांनी इथे बंगले बांधले, तेव्हा वर यायचं तर पायी, घोड्यावर किंवा खुर्चीत बसून माणसांच्या खांद्यावर. आदमजी पीरभॉय कुटुंबाची ही छोटी आगगाडी १९०७ मध्ये धावू लागली, म्हणजे घोडा तिच्याही अर्धशतक आधीचा. माथेरानच्या वाटांची रुंदी, त्यांची वळणं, पॉइंटकडे जाणाऱ्या चढांचा बेत, हे सगळं पावलांच्या आणि खुरांच्या मापाने आखलेलं आहे. पुढे २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं आणि मोटारींचा मज्जाव आणखी पक्का झाला. म्हणजे आपण ज्या शांततेसाठी तिथे जातो, ती शांतता टिकली आहे त्यात घोड्याच्या पाठीचा वाटा मोठा आहे. वरच्या हॉटेलातला आपला सकाळचा चहाही बहुधा घोड्यावरूनच आलेल्या गॅसवर उकळतो.

हे एकदा मान्य केलं की घोड्याला आपण कसे दिसतो, हा प्रश्न जरा गंमतीचा होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' ही म्हण ज्याने केली, त्याला दोन्ही प्राण्यांचा चांगला अनुभव असणार. मागून गुपचूप येणारं काहीही घोड्याला आधी कानांनी कळतं. ते काय आहे हे कळलं नाही, तर त्याच्या शरीराला एकच उत्तर माहीत असतं: पळ. तो गवताळ रानात भक्ष्य म्हणून वाढलेल्या वंशाचा. आधी पळायचं आणि मग विचार करायचा, ज्यांनी उलट क्रम लावला त्यांची शिंगरं मोठी झाली नाहीत. त्यात उन्हातून दाट सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माथेरानचं जंगल म्हणजे तर ऊन-सावलीचा खेळच. झाडीच्या तोंडाशी घोडा ठेचकाळल्यासारखा थबकतो, तेव्हा पाठीवरचा पर्यटक टाच मारतो. घोडा आळशी आहे असं त्याला वाटत असतं.

आता आपल्याकडे पाहा. फट्‌कन उघडणारी छत्री. वाऱ्याने फडफडणारा प्लास्टिकचा रेनकोट. काठीच्या टोकाला लावलेला फोन. पाठीवरच्या सॅकमधून ओरडणारा स्पीकर. यातलं काहीच घोड्याच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं नाही. माथेरानचे घोडे रोज हजारो माणसं बघून निबर झालेले असतात, म्हणूनच रोज अपघात होत नाहीत. याचं श्रेय आपल्या चालण्यातल्या शहाणपणाला नाही.

लुईझा पॉइंटच्या वाटेवर एक वयस्क घोडेवाले मामा गिऱ्हाईक टपरीवर लिंबूसरबत पीत असताना घोड्याचा तंग सैल करत उभे होते. त्यांच्याशी बोलताना मला पहिल्यांदा कळलं की भल्या माणसांचा त्यांना जास्त त्रास होतो. म्हणजे कसं? घोडा येताना दिसला की भला माणूस अदबीने वाट सोडतो, झाडाआड जाऊन उभा राहतो, श्वास धरून. मामा म्हणाले, "ताई, झाडाआड दबून कोण बसतं? वाघ. घोड्याला तेच वाटतं. तो दिसत होता आणि मग दिसेनासा झाला, आता उडी मारणार." मग करायचं काय? "बोला. काहीबी बोला. माझ्याशी बोला, त्याच्याशी बोला. माणसाचा आवाज त्याला कळतो. पिशवीला आवाज नसतो, ती नुसती वाजते."

इतकी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं माथेरानला जाऊनही ती मला कोणी सांगितली नव्हती. शाळेच्या सहलीत नाही, हॉटेलात नाही, नाक्यावर नाही. दस्तुरीला घोड्यांच्या दरांची चर्चा कान किटेपर्यंत चालते. कुठल्या पॉइंटला किती, जाऊन-येऊन किती, लहान मुलाचे किती. पण त्या घोड्यापाशी वागायचं कसं, यावर एक अक्षर कोणी बोलत नाही. घोडेवाल्याचं ज्ञान घोडेवाल्यापाशी राहतं, आणि आपलं अज्ञान आपण तिकिटासारखं खिशात ठेवून फिरतो.

बाहेरच्या देशांत याचे नियम झाले आहेत. अमेरिकेतल्या कित्येक डोंगरवाटांच्या तोंडाशी एक त्रिकोणी पाटी असते: सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलींना जुन्या घोडेवाटांवर येऊ दिलं, पण पायी माणसाला आणि स्वाराला आधी वाट द्यायची या अटीवर. तिथल्या रस्त्यांच्या नियमावलीत २०२२ मध्ये भर पडली, की मोटारीने घोड्याला ओलांडताना वेग ताशी दहा मैलांच्या आत ठेवायचा आणि किमान दोन मीटर अंतर सोडायचं. वाचून हेवा वाटतो. मात्र तिकडची नियमावली जशीच्या तशी आणून माथेरानला टांगण्यात अर्थ नाही. तिकडे चालणाऱ्याला सांगतात की घोडा येताना उताराच्या बाजूला उभे राहा, कारण उंचावर उभा असलेला माणूस घोड्याला झडप घालणाऱ्या जनावरासारखा वाटतो, आणि बुजलेला घोडा चढाकडे पळायला बघतो. तर्क बिनचूक आहे. पण आपल्या कड्यांवर उताराची बाजू म्हणजे काही ठिकाणी सरळ दरी. तिथे हा सल्ला पाळणारा माणूस घोड्याला वाट देता देता स्वतःच वाटेला लागायचा. माथेरानला डोंगराकडच्या बाजूला, उघड्यावर, घोड्याला दिसेल असं आणि बोलत उभं राहणंच बरं.

याहून मोठा फरक दुसरा आहे. तिकडे घोड्यावर बसलेला माणूस बहुतेक वेळा घोडा जाणणारा असतो, निदान शिकत असलेला तरी. माथेरानला घोड्यावर बसलेला माणूस हा स्वार नसतो, ओझं असतं. त्याने जन्मात लगाम धरलेला नसतो. रिकिबीत पाय कितपत घालायचा हे त्याला ठाऊक नसतं. खरा स्वार खाली असतो, लगाम धरून पळत, किंवा मागच्या घोड्यावर बसून तोंडाने चकचक करत पुढच्या तीन घोड्यांना हाकत. म्हणजे तीनेकशे किलोंचं जनावर, पाठीवर घाबरलेला किंवा फुशारलेला पर्यटक, आणि ताबा दहा हात मागे. धडक चुकवायची कोणी? पर्यटकाला ओरडून उपयोग नाही, घोड्याला ओरडून अपाय आहे, आणि ज्याला ओरडावं तो धुरळ्यात दिसत नाही.

या सगळ्या कुरबुरीचं मूळ मला एकाच ठिकाणी सापडतं, चालीत. घोडा आपल्या पावलाने चालला तर ताशी सहा-सात किलोमीटर जातो. तरण्या माणसाच्या भरभर चालण्याहून थोडं अधिक. या चालीत घोड्याला आपण दिसतो, आपल्याला घोडा दिसतो, दोन शब्द बोलायला उसंत असते आणि पोराला कडेला ओढता येतं. तोच घोडा दुडकी चाल धरतो तेव्हा वेग दुप्पट होतो आणि उसंत संपते. भरधाव सुटला तर मग बोलायलाच नको. अरुंद वाट, आंधळं वळण, मुळांच्या पायऱ्या, आणि समोरून येणारी आजी. माथेरानच्या वाटांवर लीद आहे, धूळ आहे, वास आहे, हे सगळं माणूस सहन करतो. चालीची भीती सहन होत नाही. एकदा घोडा खांद्याला घासून गेला की तो माणूस पुढच्या प्रत्येक घोड्याकडे शत्रू म्हणून बघतो. वेगाला माथेरानमध्ये जागा नाही असंही नाही. ऑलिम्पिया मैदान त्यासाठीच आहे, घोड्यांच्या शर्यतींचं. ज्याला घोडा पळवायचा त्याने तिथे पळवावा. बाजारपेठेत नव्हे.

मग घोडे पळतात का? शौक म्हणून पळवणारी काही पोरं आहेत, ती कुठे नसतात? घोड्यालाही परतीच्या वाटेवर तबेला आठवतो, आणि न सांगता पावलं लवकर पडतात. पण मुख्य कारण फेऱ्यांचं आहे. गर्दी शनिवार-रविवारची, दिवाळीची, नाताळची, मे महिन्याची. पाऊस कोसळायला लागला की धंदा आटतो. घोडा मात्र मंगळवारीही खातो. चंदी, गवत, नाल, औषध, तबेल्याचं भाडं, हे सगळं सात दिवसांचं, आणि कमाई दोन दिवसांची. त्या दोन दिवसांत एक फेरी जास्त झाली तर आठवडा निघतो. वळणावर आपल्या अंगावर येतो तो हा आठवडा. परवाना असलेले घोडे चारशेच्या वर आहेत. त्यांच्यावर चालणारी घरं त्या दोन दिवसांत धावत असतात.

हे समजलं म्हणून अंगावर आलेला घोडा कमी घाबरवत नाही, हेही खरं. सहानुभूतीने खांदा शाबूत राहत नाही.

राग वाटेवर सुरू होतही नाही, तो दस्तुरीलाच सुरू होतो. मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच बंद पुकारला, दुकानं-हॉटेलं मिटून. नाक्यावर काही एजंट आणि घोडेवाले पर्यटकांना चुकीची माहिती देऊन फसवतात, त्याने गावाचं नाव खराब होतं, अशी त्यांची तक्रार होती. गाव खूप लांब आहे, गाडी बंद आहे, पायी जमणार नाही, असं ऐकून माणूस घोड्यावर बसतो आणि अर्ध्या तासात बाजार आला की त्याला कळतं काय झालं ते. पुढचे दोन दिवस तो भेटेल त्याला घोडेवाल्यांची गाऱ्हाणी सांगत फिरतो. अशा माणसाला वळणावर 'बाजू, बाजू' ऐकू आलं की तो मुद्दाम हलत नाही. मी अशी न हलणारी माणसं पाहिली आहेत. त्यांच्याकडे बघून घोडा गोंधळतो. नाक्यावरचा व्यवहार सरळ झाला तर वाटेवरची अर्धी तेढ न बोलता सुटेल असं मला वाटतं, आणि हे बरेचसे घोडेवालेही कबूल करतात, दुसऱ्या घोडेवाल्यांबद्दल बोलताना.

आता तर जमिनीवरूनच वाद आहे, अगदी शब्दशः. माथेरानची माती जांभ्याची. खुरांनी ती भुसभुशीत होते, उन्हात तिचा लाल धुरळा होतो, त्यात वाळलेली लीद मिसळते, आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं दरीत वाहून जातं. झाडांची मुळं उघडी पडतात. धूप थांबवण्यासाठी पेव्हर ब्लॉक आले. गुडघेदुखीवाल्यांना ते आवडले, बॅगवाल्यांना आवडले, ई-रिक्षांना तर ते हवेच होते. घोडेवाल्यांना आवडले नाहीत. नाल ठोकलेला खूर मातीत रुततो, ओल्या फरशीवर घसरतो. उतारावर घसरलेल्या घोड्याचा पाय मोडला तर त्याला बहुधा पुन्हा उभं राहणं नसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, त्या चालकांना ई-रिक्षा देण्याच्या दिशेने पावलं टाकायला सांगितलं, आणि पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला मान्य करून आतल्या वाटा मात्र मातीच्याच ठेवल्या. हातरिक्षेबद्दलचा निकाल वाचून मला बरं वाटलं. चढावर छाती फुटेस्तोवर ओढणाऱ्या माणसाच्या मागे बसून सरबत पिणारे लोक मी पाहिले आहेत. ते दृश्य जावं हेच योग्य. आतल्या वाटा मातीच्या राहिल्या हेही बरं झालं, घोड्यांसाठी आणि आपल्यासाठीही. फरशीवर चालायचं तर ठाणं काय वाईट आहे?

पण या निकालाने वाटेवरचं गणित पुन्हा मांडावं लागणार. मुख्य रस्त्यावर आता जवळजवळ आवाज न करणारी गाडी आहे, आणि आवाज न करता मागून येणारी गोष्ट घोड्याला कशी वाटते ते वर सांगितलंच. घंटी लांबून वाजवली तर घोडा सावध होतो, अगदी कानापाशी वाजवली तर उधळतो. हे चालकाला कोण शिकवणार? हातरिक्षा ओढणाऱ्यांपैकी जो ई-रिक्षेवर बसेल त्याला शिकवावं लागणार नाही. त्याने घोड्यांच्या शेजारून रिक्षा ओढत हयात घालवली आहे. नव्या चालकांची काळजी वाटते.

सह्याद्रीत एक जुनी रीत आहे, ओझेवाल्याला वाट द्यायची. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढणारी ठाकर बाई समोरून आली तर रिकाम्या हाताचा माणूस कडेला होतो, मग तो कोणी का असेना. माथेरानच्या हमालांना अजून ही वाट मिळते. मालाच्या घोड्यालाही मिळते. टाक्या लादलेला घोडा आला की घोडेवालेसुद्धा आपले पर्यटकांचे घोडे बाजूला घेतात. तिथे आरोळी लागत नाही, शिवी लागत नाही. भांडण होतं ते पर्यटकवाहू घोडा आणि पर्यटक यांच्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना मौजेला आलेली माणसं असतात तेव्हा. मौजेला आलेल्या माणसाला आपलंच ओझं सगळ्यात जड वाटतं.

लुईझाच्या त्या मामांना मी माझ्या परीने तोडगा सांगून पाहिला. बाजारात आणि आतल्या वाटांवर पावलाची चाल ठरवून टाका. बसवण्याआधी गिऱ्हाइकाला दोन मिनिटं लगाम समजावून सांगा, लहान पोर असेल तर घोडा हातातून सोडूच नका. पायी माणसांसाठी दराच्या फलकाशेजारी चार ओळी लिहा: बोला, लपू नका, मागून जाऊ नका, छत्री जवळ आल्यावर उघडू नका.

मामांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "पावलाच्या चालीत दिवसाची एक फेरी जाते ताई. रविवारची फेरी."

"मग तेवढा दर वाढवा. सगळ्यांनी मिळून. पावलाच्या चालीचा दर."

"दर कमी करा म्हणून आत्ताच अर्धा तास भांडले हे," टपरीकडे मान करून ते म्हणाले. "तुम्हीबी भांडला असाल कधी."

मी यावर काही बोलले नाही. सरबत संपवून त्यांचं गिऱ्हाईक आलं, एक मुलगा आणि त्याचे वडील. मामांनी तंग आवळला, मुलाला वर बसवलं, त्याचे पाय रिकिबीत नीट घातले. वडील म्हणाले, "मामा, जरा पळवा ना, व्हिडिओ काढतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना सांगा तुमचं ते," म्हणाले, आणि लगाम धरून उभे राहिले.